आरमार कोणी बुडवलं?

मराठ्यांच्या आरमाराचा विषय निघाला की दहा मिनिटांत गाडी एकाच स्टेशनावर येऊन थांबते. "आरमार बुडवलं कोणी?" एक पक्ष म्हणतो नानासाहेब पेशव्यांनी. इंग्रजांना हाताशी धरून आपल्याच राज्याचं आरमार जाळलं. दुसरा पक्ष म्हणतो, तुळाजी आंग्रे कुणालाच जुमानत नव्हता, त्याला आवरणं भागच होतं. मग आवाज चढतात, कोण कुठल्या जातीचा हे न बोलता बोललं जातं, आणि शेवटी आतून चहा येतो म्हणून तह होतो. आमच्याकडे गणपतीत आरती झाल्यावर हा कार्यक्रम ठरलेला. आमची बरीच नातेवाईक मंडळी इथे वाचायला येतात हे मला ठाऊक आहे. तेव्हा काका, हे लिखाण तुमच्यासाठी आणि दादासाठीही. दोघांनी मिळून वाचा :-)

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत ताटकळावं लागणार नाही. दोन्ही बाजूंचे मुद्दे बरेचसे खरे आहेत. पण 'कोणी' हा प्रश्न घेऊन बसलं की 'कसं' हा प्रश्न राहून जातो, आणि शिकण्यासारखं जे काही आहे ते त्या 'कसं'मध्ये आहे. ज्या आरमाराने साठ वर्षं इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि सिद्दी यांना दमवलं, ते एका दुपारी जळून जातं. हे घडतं तरी कसं?

आधी घटना काय ती बघू.

फेब्रुवारी १७५६. विजयदुर्गासमोर (इंग्रज त्याला घेरिया म्हणत) अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन आपला ताफा घेऊन आला. केंट, कंबरलँड, टायगर, सॅलिसबरी ही इंग्लंडच्या राजाच्या आरमारातली जहाजं, एकेकावर पन्नासपासून सत्तरपर्यंत तोफा. शिवाय मुंबईकर कंपनीची जहाजं. जहाजांवर लढाऊ शिपाई होते आणि त्यांचा प्रमुख होता रॉबर्ट क्लाइव्ह. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज येऊन बसली होती. तुळाजी स्वतः किल्ल्यात नव्हता. तो बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला आणि तिथेच अडकला. किल्ला त्याच्या आप्ताच्या ताब्यात होता. पेशव्यांचे लोक परस्पर तह करून किल्ला घेतील आणि आतला खजिना आपल्या हातून जाईल, ही वॉटसनची खरी चिंता होती.

१२ तारखेला दुपारी जहाजं खाडीत शिरली आणि तोफा सुरू झाल्या. चारच्या सुमाराला एक पेटता गोळा बंदरातल्या 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज मूळचं इंग्रजांचं, काही वर्षांपूर्वी तुळाजीने त्यांच्याकडूनच जिंकून आणलेलं. त्याने पेट घेतला. शेजारी एकमेकींना बांधून ठेवलेल्या गुराबा होत्या. आग एकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर गेली आणि तासाभरात आंग्र्यांचं आरमार नावाची गोष्ट उरली नाही. बांधणीवर असलेली नवी जहाजंसुद्धा त्यात गेली. रात्री क्लाइव्हने शिपाई उतरवून किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्यामध्ये ठाण मांडलं. १३ तारखेला किल्ल्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. आत जवळपास दहा लाखांचा ऐवज सापडला. त्याची वाटणी कशी करायची हे वॉटसन, क्लाइव्ह आणि मंडळींनी मुंबई सोडण्यापूर्वीच ठरवून ठेवलं होतं. त्या वाटणीत दोस्त म्हणवणाऱ्या मराठ्यांचा वाटा नव्हता. किल्लासुद्धा त्यांनी ऑक्टोबरपर्यंत सोडला नाही. सोडला तेव्हा बदल्यात बाणकोट पक्कं करून घेतलं.

आणि पुढचं तर सगळ्यांनाच माहीत आहे. हाच वॉटसन आणि हाच क्लाइव्ह तिथून मद्रासकडे आणि मग बंगालमध्ये गेले. जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता, मार्चमध्ये चंद्रनगर, जूनमध्ये प्लासी. म्हणजे प्लासीच्या धड्याचा पहिला पाठ आपल्या विजयदुर्गाच्या खाडीत गिरवला गेला. देवगडच्या बाजूला एवढ्या लांब जाऊन आंबे आणणारे आपण, हे मात्र पोरांना सांगत नाही.

आता जे जळलं ते काय होतं, हेही थोडं सांगायला हवं. कारण 'आरमार' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातली तीन मजली जहाजं येतात. आंग्र्यांची ताकद वेगळ्या गोष्टीत होती. त्यांच्याकडे गुराबा होत्या, दोन किंवा तीन डोलकाठ्यांच्या, दीडशे ते तीनशे टनांच्या. मध्ये रुंद आणि नाळेकडे निमुळत्या होत गेलेल्या. नाळेवरच्या तोफा सरळ पुढे मारा करायच्या. आणि त्यांच्या जोडीला गलबतं, चाळीस-पन्नास वल्ह्यांची, हलकी, उथळ पाण्यात सहज शिरणारी. इंग्रजी जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असत. त्याच्या कुशीसमोर उभं राहणं म्हणजे आत्महत्या. म्हणून आंग्र्यांची माणसं मागून यायची, वरलीच्या बाजूने, जिथे त्या मोठ्या जहाजाच्या फार थोड्या तोफा पोहोचत. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी लोळत राहायचं, आणि तेव्हाच वल्ह्यांची गलबतं गुराबांना दोरांनी ओढत हव्या त्या जागी नेऊन उभी करायची. आधी शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या, जहाज पांगळं करायचं, मग चारी बाजूंनी माणसं चढवायची. हे काम करणारे कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी. हिंदू, मुसलमान, आणि सोबत काही फिरंगी गोलंदाजसुद्धा.

ही युक्ती आंग्र्यांच्याही आधीची. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांनी वेढा घातला. मोठी जहाजं बाहेर, आणि मायनाक भंडाऱ्याच्या होड्या रात्री त्यांच्या नाकाखालून बेटावर सामान पोचवायच्या. ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं एक गलबत मराठ्यांनी धरूनही नेलं. वर्ष संपल्यावर इंग्रजांनीच वेढा उठवला. म्हणजे मोठं जहाज बांधता येत नाही म्हणून आपण हरलो, हे म्हणणं अर्धवट आहे. किनाऱ्याजवळ, आपल्या वाऱ्यात, आपल्या पाण्यात लहान जहाजांनी मोठ्यांना चांगलं दमवलं होतं.

आता १७२१ बघा. कान्होजी आंग्रे हयात होते. इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले. इंग्रजांच्या बाजूने कमोडोर मॅथ्यूज राजाची जहाजं घेऊन आला होता, पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय जातीने हजर. तरीही ती मोहीम फसली. का फसली? कान्होजींचं शौर्य होतंच. पण शाहू महाराजांनी पाठवलेली फौज जमिनीवरून आली आणि तिच्याबरोबर तरुण बाजीराव पेशवा होता. पोर्तुगीजांनी पाहिलं की पाठीमागून हे घोडदळ आलंय, आणि जानेवारी १७२२ मध्ये त्यांनी इंग्रजांना विचारायच्या भानगडीत न पडता मराठ्यांशी तह करून टाकला. मॅथ्यूज चरफडत परतला.

मला हे प्रकरण फार महत्त्वाचं वाटतं. पाण्यावर आंग्रे आणि जमिनीवर पेशवे एका बाजूला होते तेव्हा दोन युरोपियन सत्ता एकत्र येऊनही कुलाबा पडला नाही. चौतीस वर्षांनी तेच पेशवे जमिनीवर दुसऱ्या बाजूला होते आणि विजयदुर्ग दोन दिवसांत पडला. समुद्री किल्ल्याचा जीव पाण्यात असतो असं आपण समजतो. खरं तर तो मागच्या डोंगराकडून येणाऱ्या धान्यात, लाकडात, माणसांत आणि पैशात असतो.

मग मधल्या चौतीस वर्षांत झालं काय?

१७२९ मध्ये कान्होजी गेले. थोरला सेखोजी सरखेल झाला आणि तो १७३३ मध्ये वारला. मग संभाजी आणि मानाजी या भावांचं बिनसलं. १७३५ मध्ये पेशव्यांनी मध्यस्थी करून वाटणी केली. मानाजीला कुलाबा, संभाजीकडे सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग. एका आरमाराची दोन आरमारं झाली. घरात वाटण्या झाल्या की विहिरीवर हक्क कुणाचा यावरून भांडणं होतात, तशी इथेही झाली. १७४० मध्ये संभाजीने कुलाब्यावर चाल केली तेव्हा मानाजीने पेशव्यांना बोलावलं आणि इंग्रजांचीही मदत घेतली. हे वाक्य पुन्हा वाचा. आंग्र्यांच्या भांडणात इंग्रजांना पहिल्यांदा दार उघडून दिलं ते एका आंग्र्यानेच. १७५५ च्या पंधरा वर्षं आधी. "पेशव्यांनी परक्याला घरात घेतलं" असं म्हणणाऱ्यांनी हे सोडून देऊ नये.

तुळाजी संभाजीनंतर आला. माणूस धाडसी होता, यात वाद नाही. १७५४ मध्ये डचांच्या जहाजांवर तुटून पडून त्याने त्यांचं मोठं नुकसान केलं, तेव्हा युरोपियन व्यापाऱ्यांनी धसका घेतला होता. पण त्याचं कुणाशीच पटेना. सावंतांशी वैर, प्रतिनिधींच्या मुलखावरून तंटा, पेशव्यांचा हुकूम मानायचा नाही, सख्ख्या-सावत्र भावांशी उभा दावा. समुद्रावर सगळ्यांशी शत्रुत्व एकवेळ चालतं, तिथे पळायला जागा असते. पण ज्याचे सगळे शेजारी शत्रू, त्याच्या बंदराला पाठ राहत नाही. ही झाली दुसऱ्या पक्षाची बाजू, आणि ती खोटी नाही.

पण म्हणून नानासाहेब सुटतात का? माझ्या मते नाही. मार्च १७५५ मध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सने चव्वेचाळीस तोफांच्या 'प्रोटेक्टर' जहाजाने सुवर्णदुर्ग पाडला. इंग्रजी वृत्तांत सांगतात की सोबत आलेली मराठी गलबतं तोफांच्या टप्प्याबाहेरच राहिली. म्हणजे इंग्रज काय करू शकतो हे पेशव्यांच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरीही दहा महिन्यांनी विजयदुर्गाचा तोच प्रयोग पुन्हा केला. सरदार बंड करतो तेव्हा राज्यकर्ता त्याला वठणीवर आणतो, ही रीतच आहे. घोडदळाचा सरदार बिथरला तर पेशवे त्याच्यावर चालून जात, पण त्याचे घोडे मारून टाकत नसत. घोडे राज्याचे, हे सगळ्यांना कळत होतं. गुराबा राज्याच्या आहेत, हे कळलं नाही. बंडखोर तुळाजी होता. गुराबांनी कधी बंड केलं होतं?

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. तुळाजीला आरमार घरचं वाटत होतं आणि नानासाहेबांना ते तुळाजीचं वाटत होतं. दोघांच्या मनात एकच समजूत होती की ही मालमत्ता एका घराण्याची आहे. भाऊ भांडले तेव्हा ती वाटली गेली आणि सरकार रागावलं तेव्हा ती जाळू दिली गेली. राज्याची म्हणून ती कुणीच धरली नाही.

आणि गंमत अशी (गंमत कसली म्हणा!) की हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं होतं. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचं. महाराजांच्या हाताखाली काम केलेला माणूस, म्हातारपणी पुढच्यांसाठी सांगून जातोय. त्यात आरमारावर वेगळं प्रकरण आहे. आरमार हे राज्याचं स्वतंत्र अंग समजावं. त्याच्या खर्चाला नेमून दिलेला मुलूख असावा, म्हणजे पगारासाठी व्यापाऱ्यांना ओरबाडावं लागणार नाही. पावसाळ्यात जहाजं छावणीला लावायची तेव्हा सगळं आरमार एका जागी न ठेवता जागोजागी ठेवावं. टोपीकरांना, म्हणजे युरोपियन व्यापाऱ्यांना, समुद्रकिनारी खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये, कारण त्यांचा खरा जोर आरमारात आहे. अगदी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये इथपर्यंत सगळं बारीक लिहिलंय.

चाळीस वर्षांनी बघा. सगळं आरमार एका खाडीत, एकमेकांना बांधून. आणि बाणकोट, सावित्रीच्या तोंडावरचं, टोपीकरांच्या हातात. एकेक सूचना घेऊन तिच्या बरोबर उलट वागायचं ठरवलं असतं तरी याहून नेमकं जमलं नसतं.

अमात्यांचा सल्ला वाईट होता का? नाही. तो सल्ला सांभाळणारं घर नव्हतं. म्हणजे असं ऑफिस, अशी कचेरी, जिथे सरखेल मेला, पेशवा बदलला, तरी जुना कारकून नव्या माणसाला सांगेल की साहेब, इथे असं करत नाहीत. इंग्रजांकडे तेच होतं. त्यांचे कप्तान काही देवदूत नव्हते. विजयदुर्गाच्या लुटीवरून वॉटसन आणि क्लाइव्ह यांचीही रुसवाफुगवी झाली. वॉटसन पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७५७ मध्ये, कलकत्त्यात आजाराने मेला. पण त्याच्या मरणाने जहाजं कुणाच्या पुतण्याकडे गेली नाहीत. दुसरा अधिकारी आला, कामाला लागला.

याच काळातली आणखी एक गोष्ट सांगतो. विजयदुर्ग जळाला त्याच १७५६ सालच्या मे महिन्यात इंग्रजांचा अ‍ॅडमिरल जॉन बिंग भूमध्य समुद्रात मिनोर्का बेट वाचवू शकला नाही. त्याच्यावर खटला चालला. शक्य तेवढे प्रयत्न त्याने केले नाहीत, असा ठपका बसला, आणि १४ मार्च १७५७ ला त्याला जहाजाच्या डेकवर गोळ्या घातल्या. मला हे भयंकर वाटतं. त्याला बळीचा बकरा केलं असं तेव्हाही लोक म्हणत होते आणि आजही म्हणतात. पण त्यात एक गोष्ट दिसते. एक बेट गेलं तर 'का गेलं' हे कुणीतरी विचारलं, साक्षी घेतल्या, कागद झाले. आपलं अख्खं आरमार जळालं तेव्हा चौकशी कुणाची झाली? तुळाजीला कैदेत टाकलं, तो उरलेलं आयुष्य कैदेतच राहिला आणि तिथेच मेला. खटला नाही, जबानी नाही. त्याने काय पाहिलं, त्याला काय कळलं, गुराबा एकत्र का बांधल्या होत्या, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

आता "आरमार बुडालं" या वाक्यालाही थोडी कात्री लावू. ते तेव्हा संपलं नाही. पेशव्यांनी विजयदुर्गाला स्वतःचा सुभा ठेवला आणि तिथे धुळप घराणं पुढे आलं. आनंदराव धुळपांनी एप्रिल १७८३ मध्ये रत्नागिरीच्या बाजूला इंग्रजांचं 'रेंजर' जहाज लढून पकडलं. त्यावर इंग्रजांचे मोठमोठे लष्करी अधिकारी होते. सालबाईचा तह आधीच झालेला होता, त्यामुळे त्यावरून पुढे कागदोपत्री बराच वाद झाला, पण लढाई धुळपांनी जिंकली हे नक्की. म्हणजे माणसं होती, विद्या होती. जे गेलं ते परत मिळालं नाही ते म्हणजे दरारा. कान्होजींच्या दस्तकाशिवाय कोकण किनाऱ्यावरून जाताना इंग्रज व्यापारी दहा वेळा विचार करत. १७५६ नंतर त्यांना तो विचार करायचं कारण उरलं नाही.

(कान्होजींना 'चाचा' म्हणणाऱ्यांसाठी एक कंस. समुद्रावर परवाने द्यायचे आणि परवाना नसलेलं जहाज धरायचं, ही पद्धत पोर्तुगीजांनी या समुद्रात आणली. इंग्रजही परवाने देत. तेच काम छत्रपतींच्या सरखेलाने केलं की चाचेगिरी. स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतल्या आपल्या तळाला 'आय.एन.एस. आंग्रे' नाव दिलं, त्यात या आरोपाला पुरेसं उत्तर आहे. ज्यांना सविस्तर वाचायचंय त्यांनी मनोहर माळगावकरांचं पुस्तक वाचावं, पुलंनी त्याचा मराठी अनुवाद केलाय.)

लंडनला राहणारी माझी मावसबहीण मध्यंतरी शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर फिरायला गेली होती. तिथे झाडीत एक त्रिकोणी विटांचा मनोरा आहे. नाव 'सेव्हर्नड्रूग कासल'. तिने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "हे काय नाव असेल रे?" सेव्हर्नड्रूग म्हणजे आपला सुवर्णदुर्ग! विल्यम जेम्स १७८३ मध्ये वारला आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या बायकोने त्याच्या पराक्रमाची आठवण म्हणून हा मनोरा बांधला. मधल्या काळात मोडकळीला आला होता, पण तिथल्या लोकांनी खटपट करून दुरुस्त करवला आणि २०१४ मध्ये तो परत लोकांसाठी उघडला. वॉटसनचं स्मारक तर थेट वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये आहे, त्यावर घेरिया जिंकल्याची तारीख कोरलेली आहे. म्हणजे हर्णैसमोरच्या आणि विजयदुर्गाच्या लढायांची आठवण जपणारी दोन दगडी ठिकाणं लंडनमध्ये.

इंग्रजांकडे त्या दिवशी कुठल्या जहाजाचा कप्तान कोण, किती माणसं जखमी, किती वाजता काय झालं, याच्या नोंदी आहेत. आता आपल्या बाजूचं सांगा. त्या दुपारी पेटलेल्या गुराबांवरच्या एका तरी तांडेलाचं नाव आपल्यापैकी कुणी शाळेत ऐकलंय? आणि या तांडेलांची नातवंडं-पतवंडं याच किनाऱ्यावर आहेत. हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव चालतो तिथे, देवगडला, मालवणला. आपण 'पेशवे की आंग्रे' यावर घसा फोडतो तेव्हा ते दोघेही आपापल्या वाड्यात असतात. होडीत बसून मेलेला माणूस आपल्या भांडणात कुठेच नसतो. मला या सगळ्या वादाचा राग येतो तो मुख्यतः याच कारणाने.

हल्ली आरमाराला बरे दिवस आलेत असं म्हणायला हरकत नाही. २ सप्टेंबर २०२२ ला नौदलाच्या निशाणावर महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. आनंदच आहे. पण ४ डिसेंबर २०२३ ला मालवणात उभारलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, हेही आपण पाहिलं. पुढच्या वर्षी तिथे नवा उभा राहिला. महाराजांनी सिंधुदुर्ग बांधायला घेतला १६६४ मध्ये, तो त्याच समुद्रात, त्याच वाऱ्यात अजून उभा आहे. उद्घाटन एका दिवसाचं असतं, राखण रोजची असते. आरमाराच्या बाबतीत आपण कमी पडलो ते राखणीत.

म्हणून मला वाटतं, पुढच्या वेळी वाद घालायचाच असेल तर प्रश्न बदलू. 'कोणी बुडवलं' ऐवजी 'सांभाळायचं काम कुणाकडे होतं' असं विचारू. हा प्रश्न घराला लागू पडतो, संस्थेला लागू पडतो, गावच्या वाचनालयाला लागू पडतो. एका कर्तबगार माणसाने उभं केलेलं त्याच्या मागे भावकीत वाटलं जातं, आणि बाहेरचे लोक "ते त्यांचं खाजगी आहे" म्हणून बघत राहतात. आपल्या आजूबाजूला अशा किती गुराबा एकमेकींना बांधून उभ्या आहेत ते मोजा. मला तरी दोन-तीन लगेच आठवल्या. नावं घेत नाही, नातेवाईक वाचतायत :-)

आणि एक काम. ज्यांची गावं किनाऱ्यावर आहेत त्यांनी आपापल्या घरात, देवळाच्या जमाखर्चात, जुन्या पेटाऱ्यात मोडी कागद असतील तर ते बघावेत. रद्दीत घालू नयेत. स्वतःला मोडी येत नसेल तर वाचणारे लोक आहेत, पुण्या-मुंबईत मोडीचे वर्ग चालतात. कुठे एखादी गलबताची पगारपत्रकाची यादी निघाली, त्यात चार खलाशांची नावं सापडली, तर माझ्या लेखी ते एका नव्या पुतळ्यापेक्षा मोठं काम होईल.

काका, दादा, आता बोला. चहा मी ठेवतो.